आखाजीला शाळेत जमायचंय? मग तयारीला आत्ताच लागा

खानदेशात माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन शाळेसाठी काही करायचं, तर आखाजीसारखी, म्हणजे अक्षय तृतीयेसारखी, वेळ नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरत-नाशिक-पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेलेही गावाकडे फिरकतात. फक्त खुद्द आखाजीचा दिवस सोडा. त्या दिवशी घरोघरी पितरांची घागर भरायची असते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो. बायांना चुलीपासून हलता येत नाही. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरू करून दहापर्यंत आटोपायचा. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सत्तरी ओलांडलेल्या गुरुजींना दुपारी मांडवात बसवून ठेवायचं म्हणजे त्यांचे हाल.

माणसं शोधायला निदान तीन महिने धरा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतील तेवढाच आपला वर्ग, असं समजू नका. मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुना हजेरीपट बघा आणि एकेक नाव घ्या. मुलींची आडनावं बदललेली असतात, म्हणून भावाकडून किंवा वहिनीकडून नंबर मिळवावा लागतो. मेळाव्याच्या समितीत त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या, कारण शाळेत मुलींना काय अडतं ते त्याच नेमकं सांगतात. शिपाईमामांना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही गुरुजींसारखंच घरी जाऊन आमंत्रण द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे गोळा करण्याआधी शाळेला काय हवंय ते विचारा. माझा यावर फार जोर आहे, कारण बहुतेक ठिकाणी वस्तू आधी ठरते आणि गरज मागाहून चिकटवली जाते. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात, तिथे आपले पैसे कशाला? नववी-दहावीच्या मुलांचं काय, ते विचारा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण ज्या वस्तीवर एसटीच जात नाही, तिथल्या मुलीला सायकलच लागते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीला दोघं-तिघं जा, ऐका आणि ठरलेल्या कामाचा ठराव करून घ्या. दिलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढली पाहिजे, नाहीतर मुख्याध्यापक बदलून गेल्यावर तिला वाली राहत नाही.

पाण्याचं काम निघालं तर घाईने आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, घेऊ नका. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. स्वच्छ पेल्यात शाळेच्या नळाचं पाणी घ्या, मीटरचं टोक बुडवा, आकडा स्थिर होऊ द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. आकडा तीनशेच्या आसपास असेल तर आरओ बहुधा लागत नाही, आणि तो बरंचसं पाणी वाया घालवतो ते वेगळंच. पण मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो; जंतू आहेत का, नायट्रेट-फ्लोराइड किती, ते दाखवत नाही. म्हणून एक नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल हातात आल्यावरच यंत्र ठरवा. आरओ घ्यावाच लागला तर त्याचं टाकाऊ पाणी स्वच्छतागृहाच्या टाकीत सोडायची पाइपलाइन त्याच खर्चात धरा. कधी कधी यंत्र लागतच नाही. टाकी धुऊन झाकण बसवलं आणि पहिलीच्या पोरांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर चार नळ लावले की काम होतं.

पैशांसाठी तिघांच्या नावाने बँक खातं उघडा; एक गावातला, एक बाहेरगावचा, एक माहेरवाशीण. ग्रुपवर जमा-खर्च बिलांसह टाका, पण कोणी किती दिले त्याची यादी फिरवू नका. कापसाला भाव न मिळालेल्या वर्गमित्राने मेळाव्याला यायचंच टाळावं, असं होता कामा नये. तो ट्रॅक्टर देईल, मांडव घालेल, बट्ट्या भाजायला गोवऱ्या आणेल. बाहेरच्या लोकांकडून वर्गणी काढायची असेल तर आधी धर्मादाय कार्यालयात परवानगीची चौकशी करा.

जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पुरे. फेटे आणि मोठे बॅनर वगळले तर चार नळांचे पैसे तिथेच निघतात.

रक्तदान ठेवणार असाल तर रक्तपेढीशी महिनाभर आधी बोला. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, रक्त कमी पडतं, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन महिने, बायांचे चार महिने झालेले असावेत. उपाशीपोटी कोणाला घेऊ नका. उन्हातून आलेल्याला आधी सावलीत बसवा, पाणी द्या.

वह्या-दप्तरं आखाजीला वाटू नका. बहुतेकदा शाळेला सुट्टी लागलेली असते; मग पाच-दहा पोरं घरून बोलावून रांगेत उभी करतात, गरीब म्हणून त्यांचे फोटो काढतात. त्या लेकरांना हे कळतं हो! सामान जूनमध्ये शाळेच्या स्वाधीन करा, वर्गातल्या सगळ्यांना सारखं मिळू द्या. झाडंही तेव्हाच, पाऊस लागल्यावर. कडुनिंब, करंज लावा आणि फेब्रुवारीपासून पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी लिहून ठेवा.

जमलेल्या पैशांतले निदान पंधरा टक्के खर्चू नका, ते दुरुस्तीसाठी. आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनाला गावातल्या दोघांनी शाळेत जायचं, मुलं कुठल्या नळाला पाणी पितात ते बघायचं, यंत्र बसवलं असेल आणि त्याचं कार्ट्रिज बदलायला झालं असेल तर त्याच आठवड्यात बदलून बिल ग्रुपवर टाकायचं.