रक्तातलं शिसं मोजताना या चुका टाळा

मुलाच्या रक्तात शिसं जास्त आहे असा रिपोर्ट हातात पडला की आईवडिलांची झोप उडते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. इतक्या खालच्या आकड्यांत बोटावरची धूळही निकाल फिरवते. म्हणून लॅबमध्ये आकडा वेडावाकडा आला तर आधी विचारा, सॅम्पल घेतलं कसं?

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुतले नसतील, तर माती आणि रंगातलं शिसं थेट थेंबात उतरतं. असा रिपोर्ट जास्त आला तर शिरेतलं रक्त तपासल्याशिवाय तो पक्का धरू नका. ट्यूब ट्रेस एलिमेंटची, म्हणजे धातूंचा अंश जवळपास नसलेली, आणि रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएचीच हवी. सिरम, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा पातळ भाग, आलं तर सरळ परत पाठवा, कारण रक्तातलं जवळपास ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं. आणि रक्त घेतल्या घेतल्या ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करा. नाहीतर बारीक गुठळ्या होतात आणि एकाच सॅम्पलची दोन रीडिंग जुळत नाहीत.

गुठळी नाही, तरी रीडिंग जुळत नाहीत? मग दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन ग्रॅफाइट फर्नेसमध्ये, म्हणजे सॅम्पलचा थेंब तापवून शिसं मोजणाऱ्या यंत्राच्या भट्टीत, डोकावा. मी तर रोज सकाळी पहिला थेंब असाच बघते. कॅपिलरीच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या बारीक नळीच्या, टोकाला रक्ताचा तपकिरी थर बसला असेल, तर थेंब तळाशी न बसता टोकालाच लटकून परत वर येतो. टोक पुसा, खराब असेल तर कापा, उंची नव्याने लावा. धुण्याच्या पाण्यात किंचित ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य घाला. थेंब फोडणीसारखा तडतडत असेल, तर सुकवण्याचा टप्पा सावकाश करा.

क्यूसी, म्हणजे शिशाचं प्रमाण आधीच ठाऊक असलेलं तपासणीचं सॅम्पल, सतत कमी येत असेल तर मॉडिफायर, म्हणजे शिसं धरून ठेवणारं रसायन, तपासा. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट नसेल, तर शिसं राखेच्या टप्प्यातच, म्हणजे मोजण्याआधी सॅम्पल जाळतानाच, उडून जातं.

ब्लँक, म्हणजे रक्त न घालता चालवलेलं सॅम्पल, जास्त आला तर सगळं एकदम बदलू नका. आधी नुसतं पाणी चालवा, मग आम्ल घालून, मग मॉडिफायर घालून. चोर सापडतो. बऱ्याचदा तो रंगीत पिपेट टिपमध्ये किंवा १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर न भिजवलेल्या भांड्यात असतो.

रिपोर्ट सोडताना एकक पुन्हा वाचा: प्रति लिटर ३५ म्हणजे प्रति डेसिलिटर ३.५.