संगणकाचा जुना पंखा पॉवर बँकेवर फिरवायचा तर

मे महिन्यात सांगली-मिरजेकडे वळवाचा शिडकावा झाला आणि लाइट गेली की उकाडा दुप्पट. तेवढ्यापुरता पॉवर बँकेवर चालणारा पंखा घरीच होतो. पण यूएसबीतून मिळतात फक्त ५ व्होल्ट डीसी. म्हणून २३० व्होल्टच्या टेबलफॅनच्या वाटेला जाऊ नका.

भरवशाचा म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमधला १२० मिलिमीटरचा पंखा. दुरुस्तीच्या दुकानात भंगारात मिळून जातो. लेबलवर '१२ व्होल्ट, ०.१८ अँपिअर' असेल तर तो सुमारे २.२ वॅट खातो. थेट ५ व्होल्टवर काही पंखे रेंगाळतात, काही हलतच नाहीत. त्यासाठी मध्ये एमटी३६०८ हे बूस्टर मॉड्यूल, म्हणजे ५ चे १२ व्होल्ट करणारी छोटी पट्टी, घ्या.

जुन्या चार्जिंग केबलचं मोबाइलकडचं टोक कापा. लाल प्लस, काळी मायनस; पांढरी आणि हिरवी डेटाची, त्या वेगवेगळ्या टेपनं गुंडाळा. स्वस्त केबलचे रंग फसवतात, मल्टिमीटर लावून खात्री करा. मग लाल-काळी मॉड्यूलच्या इन प्लस आणि इन मायनसला सोल्डर करा.

पंखा इतक्यात जोडू नका, बहुतेकांचे पंखे इथेच जळतात. नवं मॉड्यूल कधी कधी २० व्होल्टच्याही वर सेट होऊन येतं. केबल चार्जरला लावा, मीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवून आउटच्या दोन टोकांना धरा आणि निळ्या डबीवरचा बारीक पितळी स्क्रू घड्याळाच्या उलट फिरवा. दहा-पंधरा फेरे झाले तरी आकडा ढिम्म, मॉड्यूल मेलेलंच आलं असं वाटतं. फिरवत राहा. एकदा हलला की भराभर उतरतो, तेव्हा हात आवरा आणि १२ वर थांबा.

आता केबल काढून पंखा मॉड्यूलच्या आउट प्लस आणि आउट मायनसला जोडा. तीन पिनांच्या कनेक्टरात काळ्या वायरची कडेची पिन मायनस, मधली प्लस. तिसरी वेग मोजायची, ती टेप लावून सोडून द्या. उलटं जोडलं तर पंखा फिरत नाही, वर आतली आयसी जाऊ शकते.

बूस्टरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे यूएसबीकडून अर्धा अँपिअर तरी ओढला जातो. लॅपटॉपच्या जुन्या पोर्टची मर्यादाच ५०० मिलिअँपिअर. तिथे लावायचा तर व्होल्टेज ९ वर आणा. वारा कमी, पण आवाजही कमी. फार खाली आणलं तर वेगळीच गंमत: प्रवाह इतका घटतो की मोबाइल चार्ज झाला असं समजून पॉवर बँक स्वतःच बंद पडते.

दोन पेन्सिल सेलवरचा हातपंखा असेल तर उलटा प्रश्न, त्याला ३ व्होल्टच हवेत. थेट ५ दिले की तो जोरात सुटतो आणि मोटर तापते. लाल वायरीत १एन४००७ चे तीन डायोड एकामागे एक लावा, पांढरी पट्टी पंख्याकडे. प्रत्येक जण साधारण ०.७ व्होल्ट खातो. सेल मात्र आधी काढा. यूएसबीचा प्रवाह त्यांच्यात शिरला तर ते तापून गळतात.