हार्ट फेल्युअरचा रुग्ण घरी आहे? या चुका टाळा

आजोबा दवाखान्यातून घरी आले की येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "छातीत दुखत नाही ना?" ते 'नाही' म्हणतात आणि सगळे निर्धास्त होतात. पण हार्ट फेल्युअरमध्ये बऱ्याचदा छातीत न दुखताच तब्येत बिघडते. हृदयाचा पंप कमजोर झाला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. हे पाणी पायात, पोटात, फुप्फुसांत साठत जातं. लक्ष ठेवायचं ते या पाण्यावर, आणि घरोघरी चुका होतात त्या बहुतेक इथेच.

वजन न करणं

रोज सकाळी शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण तशाच कपड्यांत, एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं, तर ते अंगी लागलेलं जेवण नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पायावर सूज दिसायची वाट बघू नका. ती दिसते तोवर अंगात बरंच पाणी साठलेलं असतं. उलट वजन भराभर उतरतंय, उभं राहिलं की चक्कर येतेय, तर लघवीची गोळी, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, जास्त होत असेल. तेही कळवायचं.

आडवं झालं की येणारा खोकला 'कफ' ठरतो, दोन घासांत भरणारं पोट 'गॅस' ठरतं. पण ही साठलेल्या पाण्याचीच लक्षणं असू शकतात. एका उशीवर झोपणाऱ्याला अचानक तीन उशा लागू लागल्या, तर कफ सिरप आणू नका. काढाही नको. त्यातलं ज्येष्ठमध मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम कमी करतं.

मीठ फक्त भाजीतलं मोजणं

सून बिचारी आमटी अळणी करते आणि ताटात पापड-लोणचं असतंच. चहाबरोबर खारी, संध्याकाळी फरसाण. ढोकळ्यातला सोडा आणि ॲसिडिटीवर घेतात ती फसफसणारी पावडर, दोन्हींत सोडियम असतं, हे तर कुणाच्या गावीही नसतं. दिवसभराचं सगळं मीठ मिळून चहाच्या एका सपाट चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत राहायला हवं. सैंधव 'चालतं' हा गैरसमज आहे, तेही मीठच. 'लो सोडियम' मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळ्या चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोजच्या नारळपाण्याबद्दलही याच कारणासाठी विचारा.

डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर त्यात चहा, ताक, पेज, आमटीचं पाणी सगळं येतं.

गोळ्यांत स्वतःची अक्कल चालवणं

लग्नाला जायचंय, बसमध्ये लघवीला थांबता येत नाही, म्हणून त्या दिवशीची गोळी चुकवली जाते. वर पंगतीत मठ्ठा आणि भजी. दोन दिवसांनी धाप लागते. गोळी चुकवण्यापेक्षा, मुक्कामी पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे आधी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट हल्ली फार दिसते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची पट्टी बघून कुणीतरी शहाणा नातेवाईक सांगतो, "ही तर शुगरची गोळी, तुम्हाला कुठे शुगर आहे?" गोळी बंद होते. ही औषधं मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात. लघवीच्या तपासणीत साखर दिसते ती त्यांच्यामुळेच. घाबरायचं कारण नाही. मात्र उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा कडक उपवास करायचा असला, तर या गोळ्यांचं आणि लघवीच्या गोळीचं काय करायचं ते फोनवर विचारा.

गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन शरीरात पाणी साठवते, मूत्रपिंडांनाही त्रास देते. माझ्या मते घरातल्या औषधांच्या डब्यातली सर्वांत घातक वस्तू हीच. दुखण्यावर पॅरासिटामॉल किती चालेल, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

डिस्चार्जनंतर जुन्या पट्ट्या वेगळ्या काढा. नाव वेगळं, आतलं औषध तेच, असं होऊन दुप्पट डोस जातो. बीपी नेहमीपेक्षा कमी आलं, तरी चक्कर किंवा गळाठा नसेल, तर परस्पर गोळी बंद करू नका. बीपी उतरवणारी औषधं इथे कमजोर हृदयावरचा ताण कमी करायला दिलेली असतात.

सतत झोपवून ठेवणं

"तुम्ही उठू नका हो, मी देते." प्रेमच ते, पण पायांतली ताकद जाते. तब्येत स्थिर असेल तर घरात, अंगणात, बोलता येईल इतक्या वेगाने चालू द्या.

हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात असणं हीसुद्धा चूकच. ती माहेरी गेली की गोळ्यांचा गोंधळ ठरलेला. वही फ्रिजवर टांगा. मुंबई-पुण्यातल्या मुलाला रोज वजनाचा फोटो पाठवा आणि तपासणीच्या तारखा त्याच्या अंगावर टाका.

रात्री अचानक धाप लागली, वाक्य पुरं बोलता येईना, तोंडातून गुलाबी फेस पडला, ओठ निळसर दिसू लागले किंवा शुद्ध हरपली, तर १०८ला फोन लावा. शुद्धीत असेल तर आडवं झोपवू नका, पाय खाली सोडून ताठ बसवा. पाणी पाजू नका. गोळ्यांची पिशवी आणि वही बरोबर घ्या.