कानाच्या ऑपरेशनआधीचा स्कॅन: घरून निघण्यापूर्वी

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाचं ऑपरेशन ठरलं, की डॉक्टर बहुधा कानाच्या हाडाचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, लिहून देतात. परभणी-हिंगोलीकडून नांदेड किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठायचं असेल, तर पिशवी आदल्या रात्रीच भरा. चिठ्ठी, ताजा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख), जुना सीटी असल्यास तो, सरकारी आरोग्य योजनेतून करायचं तर आधार आणि रेशनकार्ड. त्याच कानाचं आधी ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड विसरूच नका. कानामागचं हाड रोगानं खाल्लंय की आधीच्या सर्जननं कोरलंय, हे नुसत्या फिल्मवरून कळणं अवघड जातं.

कानात लसणाचं कोमट तेल सोडणं आजपासून बंद, आजी रागावली तरी. कान जोरात वाहत असेल, तर आधी थेंबांनी कोरडा करायचा का, हे तारीख घेण्यापूर्वी विचारा. पू, सुजलेलं अस्तर आणि हाड खाणारा कोलेस्टिटोमा (कानात साठत जाणारी कातडीची गाठ), सीटीत सगळं सारखंच करडं दिसतं.

सीटीची खरी पकड हाडावर. मेंदूखालचा हाडाचा पातळ पापुद्रा शाबूत आहे का, कानातली इवली हाडं, हातोडी-ऐरण, जागेवर आहेत का, हे तो चांगलं दाखवतो. त्यांच्यापुढचं तिसरं हाड, रिकीब, मात्र जेमतेम 3 मिमीची. तिचे पाय झिजलेत का, चेहऱ्याच्या नसेवरचं हाड उघडं पडलंय का, यात तो चुकू शकतो. तेव्हा ‘रिपोर्टात नव्हतं, मग आत कसं निघालं?’ म्हणून सर्जनशी भांडू नका. काढलेला कोलेस्टिटोमा परत आलाय का हे पाहायचं असेल, तर नॉन-ईपीआय डिफ्युजन एमआरआयबद्दल (कोलेस्टिटोमा वेगळा ओळखणारा खास एमआरआय) विचारा. साधारण 3 मिमीहून लहान गाठ त्यातूनही निसटते. पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट असेल, तर एमआरआयवाल्यांना आधीच सांगा.

झुबे, बुगड्या, केसातल्या पिना, ऐकायचं यंत्र सोबतच्या माणसाकडे द्या. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर सीटीआधी सांगा. सहसा शिरेतून औषध देत नाहीत, त्यामुळे उगाच उपाशी राहू नका. लहान लेकराला झोपेचं औषध द्यायचं असेल, तर मात्र विचारून घ्या. निघताना सीडी मागाच. सर्जनला कॉम्प्युटरवर एकेक काप मोठा करून बघता येतो, फिल्मवर ते जमत नाही.

आणि मधेच तोंड वाकडं झालं, गरगरायला लागलं, कानामागं सूज आली किंवा तापासोबत डोकं ठणकून उलट्या सुरू झाल्या, तर स्कॅनच्या तारखेची वाट बघत बसू नका. थेट दवाखान्यात जा.