जलतरण तलाव वाचवायचाय? मग या चुका टाळा

तलाव कायमचा बंद करायचा ठराव सहसा कुणी करत नाही. गेटवर 'दुरुस्तीसाठी बंद' असा फलक लागतो, कुलूप पडतं, आणि मोटार जळली असेल, होईल सुरू, असं म्हणत सगळे घरी जातात. मग पावसाळा येतो. तो संपेपर्यंत पाणी हिरवं पडलेलं असतं, फरशा निखळलेल्या असतात, आणि आता दुरुस्ती परवडत नाही हे सांगणं सोपं झालेलं असतं. सांगली-मिरजेत सामान्य घरातल्या पोराला पोहायला शिकायचं तर महापालिकेच्या तलावाचाच आधार. क्लब आणि हॉटेलचे पूल त्याच्यासाठी नाहीत. म्हणून या लढाया जिंकल्या पाहिजेत, आणि त्या बहुतेक वेळा कागदावर हरल्या जातात.

फलक वाचून थांबणं

कुलूप दिसलं त्याच आठवड्यात लेखी विचारा: दुरुस्तीचा खर्च मंजूर झालाय का, कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी आदेश) कुणाला आणि कोणत्या तारखेला दिला, कामाची मुदत किती? कार्यादेशच नसेल तर दुरुस्ती चालू नाही, एवढं स्पष्ट समजा. दुसरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोर्चा काढून उपयोग कमी. महापालिकेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, म्हणजे तोवर त्या वर्षाचे पैसे वाटले गेलेले असतात. तुमची मागणी नोव्हेंबर-डिसेंबरातच टेबलावर हवी.

निवेदन दिलं, फोटो काढला, संपलं

निवेदनाच्या दोन प्रती घ्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात 'संदर्भ : आमचे निवेदन, आवक क्र. अमुक' अशी झाली की ते पत्र बाजूला सारणं अवघड जातं. सह्या घेताना नाव, प्रभाग, पास क्रमांक आणि बॅचची वेळ लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या हजार अंगठ्यांपेक्षा असे दोनशे पासधारक जड पडतात.

लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, बरेच जण फसतात. तिथे संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज घेत नाहीत, तक्रार वैयक्तिक लागते, आणि अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. त्यामुळे मंडळाच्या नावाने जाऊ नका. ज्या ताईंनी वर्षाच्या पासाचे पैसे भरलेत, त्यांनी स्वतःच्या नावाने, पावती जोडून अर्ज करावा.

माहिती अधिकारात 'का' विचारणं

'तलाव का बंद केला, जबाबदार कोण?' असा अर्ज केला की 'माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं. कागद मागा: मागच्या तीन वर्षांचं तलावाचं उत्पन्न आणि खर्च, वीजबिलं, रोजच्या प्रवेशाची नोंदवही, बांधकाम तपासणीचा अहवाल, पाणी तपासणीचे अहवाल. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हे पाळा. शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, आणि त्यालाही 30 दिवसांचीच मुदत असते, हे विसरू नका.

पाण्याच्या मुद्द्यावर चिडणं

'जत-आटपाडीत टँकर लागतात आणि तुम्हाला पोहायचंय' हे कुणीतरी म्हणणारच, आणि तो प्रश्न खोटा नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात जवळपास तेवढंच मावतं. हा हिशेब समोरच्याने काढायच्या आधी तुम्हीच मांडा, आणि लगेच पुढचं सांगा: फिल्टर नीट चालला तर तेच पाणी महिनोन्महिने फिरत राहतं, वाफ होऊन गेलेलं आणि फिल्टर धुताना वाया गेलेलं तेवढंच पुन्हा भरावं लागतं. टंचाईत पिण्याच्या लाइनवरून पाणी घेऊ नका, बोअरचं तपासून घ्या, अशी अट स्वतःहून घाला.

'तलाव गळतोय' हे कारण आलं तर बादलीची परीक्षा करायला लावा. तलावाच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात तलावाच्या पातळीइतकं पाणी भरा, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करा, मोटार बंद ठेवून 24 तासांनी बघा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ती वाफ. बाहेरची जास्त उतरली तर गळती आहे, आणि वर सांगितलेल्या मापाच्या तलावात एक सेंटिमीटर म्हणजे 3,125 लिटर. आकडा हातात आला की गळती शोधायची की तलाव पाडायचा, यावर नीट बोलता येतं.

कायदा आणि महापूर

'तलाव चालवणं महापालिकेला बंधनकारक आहे' असं लिहू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कामं कलम 63 मध्ये आहेत. जलतरण तलाव कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत येतो. चुकीच्या कलमाने सुरुवात केली की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही.

महापुराचंही तेच. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 आहे. त्या प्रवाहात तलावात शिकलेलं पोहणं तारेल असं म्हणणं खोटं आहे आणि ज्यांनी माणसं गमावली त्यांना दुखावणारं आहे. घाटावर, विहिरीवर, कालव्यावर खेळणारी मुलं बुडतात. त्यांच्याबद्दल बोला.

फक्त सकाळच्या बॅचचं शिष्टमंडळ

निवृत्त मंडळी वेळ देतात, त्यांचे आभारच. पण साहेबांच्या केबिनमध्ये नुसते तेच दिसले तर तलाव म्हणजे काही जणांचा व्यायाम असं चित्र होतं. महिला बॅच, शालेय स्पर्धेतली मुलं, दिव्यांग खेळाडू पुढे बसवा. 1972 च्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणात देशाला पहिलं सुवर्ण देणारे मुरलीकांत पेटकर याच जिल्ह्यातल्या पेठचे. त्यांचं नाव बॅनरवर टाकून थांबू नका. तलावात उतरायला रॅम्प आणि आधाराचे कठडे मागा.

एकाच पक्षाच्या नेत्याला अध्यक्षस्थानी बसवू नका. सगळ्यांना बोलवा.

ठेकेदार आला की सरसकट विरोध

कधी कधी ठेक्यानेच तलाव उघडतो. निविदा निघायच्या आधी अटी सुचवा: शाळकरी मुलांचे दर, महिलांची वेळ, प्रत्येक बॅचला जीवरक्षक, क्लोरीन आणि पीएचचा रोजचा आकडा फलकावर. करार झाल्यावर यातलं काही घुसवता येत नाही. आणि तलाव उघडल्यावर पहिल्याच महिन्यात बॅचेस भरा, येणाऱ्या प्रत्येकाची नोंद वहीत झाली का ते बघा, कारण पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी तीच वही काढली जाते.