अर्ज दिलाय, आता फोन कधी करायचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात मी बसते. हजेरी, पगार आणि भरतीचे कागद, तिन्ही माझ्याच टेबलावर. आयटीआयचा निकाल लागला की अर्जांचा गठ्ठा फुगतो आणि फोन सुरू होतात. "मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?" कुणाचा अर्ज, कशासाठी, कधी दिलेला, काहीच पत्ता नाही. मग माझ्या तोंडून "कळवतो" एवढंच निघतं. त्याचा अर्थ तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून तयारी अर्ज देतानाच करा. गठ्ठ्याला क्लिप डाव्या कोपऱ्यात असते आणि मी चाळते उजवा कोपरा. तिथं जाड अक्षरात ट्रेड (आयटीआयला जे काम शिकलात ते, टर्नर वगैरे), मोबाइल नंबर आणि तारीख लिहा. पीडीएफ पाठवणार असाल तर फाइलला स्वतःचं नाव आणि ट्रेड द्या. 'रिझ्युम फायनल न्यू' नावाच्या फायली माझ्याकडं ढिगानं पडल्यात. कागद गेटवर दिलात तर तो आत कुणाकडं जातो, हे वॉचमन मामांना विचारून नाव टिपून घ्या.

आता फोनची वेळ. महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार काढायचा असतो, पंधराच्या आत पीएफ आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) भरणा. त्या दिवसांत तुम्ही कितीही गोड बोला, मी ऐकत नसते. सोळा ते पंचवीसच्या दरम्यान करा, अकरा ते एक. सकाळी सातला शिफ्ट लागते, तेव्हा कोण आलं नाही, कुणाला कुठं लावायचं यातच डोकं असतं. तीनला पुन्हा तेच. अर्ज देऊन आठवडा-दहा दिवस तरी जाऊ द्या.

फोनवर असं बोला: "मॅडम, मी अमुक, कळंबा आयटीआयचा, टर्नर. बारा तारखेला गेटवर अर्ज दिलाय. टर्नरच्या जागा भरल्या का अजून चालू आहेत?" याला मी एका शब्दात उत्तर देऊ शकते. चालू असतील तर लगेच विचारा, "ट्रायलला कधी येऊ?" भरल्या असतील तर, "अप्रेंटिस कधी घेणार?" त्यासाठी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आधीच करून ठेवा. हो म्हटल्यावर आधार आणि बँकेच्या पासबुकातली स्पेलिंग जुळवत बसलात तर जागा दुसऱ्याला जाते. आणि कंपनीच्या रोलवर घेणार की ठेकेदाराकडून, हे बिनधास्त विचारा. विचारलं म्हणून कुणी कागद फाडत नाही.

व्हॉट्सॲपवर 'हाय सर' टाकून वाट बघू नका. (सर नाहीच इथं, असो.) हेच सगळं एका मेसेजात लिहा, एकदाच.

मामा, काका, गल्लीतले कार्यकर्ते यांचे फोन येतात. ओळखीनं कागद वर येतो, खोटं कशाला बोलू? पण नंतर सुपरवायझर पोराशीच बोलतो, आणि पोरगं "मामांना विचारून सांगतो" म्हणालं की विषय संपला.

घरचा दुसरा नंबर दिला असेल तर घरच्यांना सांगून ठेवा. "न्हाई बा तो हितं" म्हणून आजीनं फोन ठेवला की मी गठ्ठ्यातला पुढचा कागद उचलते. मिस्ड कॉल दिसला तर त्याच दिवशी उलट फोन करा. आणि अर्ज पुढं सरकवतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो नंबर ब्लॉक.

उद्यमनगरातल्या छोट्या शॉपला यातलं काही लागू नाही. तिथं मालकच लेथवर उभा असतो, फोन उचलायला हात मोकळा नसतो. कामाची वेळ संपत आली की सेफ्टी शूज घालून दारात जाऊन उभं राहायचं, मशीन बंद होईपर्यंत थांबायचं आणि विचारायचं, "उद्यापासून येऊ का?"