पैसे गेले, पण धडा उघडेना

माझा मोडी लिपीचा ऑनलाइन कोर्स आहे, वर्डप्रेसवर बांधलेल्या माझ्या साइटवर. तीन महिन्यांचं सभासदत्व ९०० रुपये. "ताई, पैसे कापले गेले, पण धड्याला अजून कुलूपच!" असे मेसेज रात्री साडेदहाला यायचे आणि मी एकेकाला हाताने सभासद करत बसायचे.

कार्डवाल्यांची तक्रार कधीच नव्हती, सगळी यूपीआयवाल्यांची. तिथेच धागा सापडला. लोक फोनवर पिन टाकतात आणि ब्राउझरकडे परत फिरकतच नाहीत. माझी साइट मात्र ते 'धन्यवाद' पानावर येतील म्हणून वाट बघत बसलेली.

उपाय वेबहुकचा: पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) थेट माझ्या साइटच्या सर्व्हरला कळवतो, माणूस कुठेही असो. गेटवेकडे माझ्या सर्व्हरचा पत्ता भरला, तरी लॉगमध्ये (नोंदींत) ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही'. दोन संध्याकाळी डोकं खाल्लं. शेवटी दिसलं, सीक्रेट (निरोप गेटवेचाच आहे हे पडताळायची गुप्त किल्ली) चिकटवताना मागे एक स्पेस आली होती, म्हणून निरोपावरची डिजिटल सही जुळत नव्हती! ती पुसली आणि लगेच २००, म्हणजे 'सगळं ठीक'.

गेटवे तोच निरोप कधी दोनदाही पाठवतो. एका काकांना त्यामुळे सहा महिने मिळाले. आता तो पेमेंट आयडी (त्या पेमेंटचा क्रमांक) आधी येऊन गेलाय का ते तपासते. काकांचे जादा तीन महिने मात्र राहू दिले.